हात काढून घेताना

बुरोंडीला ताईकडे गेलो की सकाळी खाली बंदरात होड्या लागलेल्या असतात आणि ओटीवर भाच्याचा शर्ट चाललेला असतो. भाचा नऊ वर्षांचा, स्वमग्न. सहा बटणं ताई लावते, सगळ्यात खालचं त्याचं. शर्ट घालून संपला, हा आनंद त्याला स्वतःच्या हातून मिळावा म्हणून शिकवणं शेवटाकडून.

आधी त्याची बोटं ती आपल्या बोटांत धरायची. मग नुसतं मनगट. मग कोपराला हलकासा स्पर्श. मग काजाकडे बोट. वर्तन विश्लेषणात याला प्रॉम्प्ट विरळ करत नेणं म्हणतात. आपल्याकडे पाटीवर ठळक अक्षर गिरवून घेणारे पुढे ते फिकट काढून देत, ती रीत हीच. १९६३ मध्ये हर्बर्ट टेरेस यांनी कबुतरांवर हेच करून पाहिलं. लाल-हिरवा फरक पक्ष्यांना आधीच कळत होता. त्या रंगांवर उभ्या-आडव्या रेघा ठेवून त्यांनी रंग हळूहळू मंद केला, आणि जवळजवळ न चुकता कबुतरं रेघा ओळखू लागली.

हाताची मदत सुटते, जिभेची सुटत नाही. ताईचा हात मागे आला तरी ‘लाव, लाव रे’ चालूच राहिलं, आणि पोरगा काजाऐवजी तिच्या तोंडाकडे बघू लागला. बटण दिसलं की हात हलायला हवा होता. तो हलत होता आईच्या हाकेवर. हे बघून माझ्या पोटात तुटलं, कारण तिची माया यात कुठेच कमी नव्हती.

पहिल्या शाळेच्या अहवालात तीन वर्षं ‘मदतीने करतो’ एवढंच येत होतं. कोणती मदत, किती, ती कधी कमी करणार, यातलं काही नाही. मला हा त्या मुलावरचा अन्याय वाटतो. घाईही तितकीच वाईट, हे मान्य. आधार एकदम काढला तर मूल चुकतं, चिडतं, शर्टच भिरकावतं. तेव्हा एकच पायरी मागे यावं, पार पहिलीला नाही.

आता ताई हाक उशिरा देते. आधी दोन सेकंद थांबायची, आता पाच. परवा ती दाराची चौकट घट्ट धरून उभी होती, ओठ मिटलेले. त्याचा अंगठा काजात अडकला, निघाला, पुन्हा गेला. बटण लागलं. तिने वरचं सहावं सोडवून त्याच्यासाठी मोकळं ठेवलं.