गुरुजी, माझी पाटी?

वेल्ह्याकडच्या एका शाळेत मी नवा शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. एका दांडगट मुलाने दुसऱ्याची पाटी आपटून फोडली. मी त्याला वर्गापुढे उभे करून चांगला समाचार घेतला. न्याय झाला अशा समाधानाने खडू उचलतो तोच तो दुसरा मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, पण माझी पाटी?"

त्या प्रश्नाने मला आजवर सोडलेले नाही.

आमच्या भोर तालुक्यातले रांझे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथल्या पाटलाने बदअमल केला म्हणून शिवाजीमहाराजांनी त्याचे हातपाय तोडविले. १६४६ च्या त्या पत्रात शिक्षा आहे, काढून घेतलेली पाटीलकी पुढे कोणाला दिली तेही आहे. जिच्यावर अत्याचार झाला असे आपण ऐकत आलो, तिचे पुढे काय झाले ते मात्र त्यात नाही. महाराजांना दोष देण्याचा हेतू नाही. तेवढा कडक न्यायही त्या काळी दुर्मीळच. पण न्यायाची नजर गुन्हेगारावर खिळली की पीडित माणूस कोपऱ्यात राहतो, ही खोड जुनीच.

कायद्यालाही ती सोडायला वेळ लागला. १९७३ च्या फौजदारी संहितेत भरपाई होती. पण ती आरोपी दोषी ठरला तर, त्याच्याच खिशातून. ३१ डिसेंबर २००९ पासून ३५७-अ हे कलम लागू झाले आणि गुन्हेगार सापडला नाही, किंवा निर्दोष सुटला, तरी शासनाने भरपाई द्यावी अशी सोय झाली. रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवते. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद नव्या संहितेच्या ३९६ व्या कलमात आहे.

मग अडते कुठे? पुष्कळदा आपल्याच जिभेवर. बांधाच्या भांडणात जिचा नवरा मारला गेला, अशा एका बाईला मी अर्ज लिहून देतो म्हणालो. ती म्हणाली, "नको गुर्जी. लोक म्हनतील, नवऱ्याच्या मढ्यावर पैसं घेतलं."

काय उत्तर द्यावे? मेलेल्या माणसाची किंमत कोणालाच करता येणार नाही. पण भरपाई ही किंमत नव्हेच. त्या दिवशी मी कपाटातली एक पाटी काढून त्या मुलाला दिली. फुटलेली काही सांधली गेली नाही. पण त्याला दुसऱ्या दिवशी लिहायचे होते. शिवाय पाटी माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांदेखत फुटली होती. फोडणाऱ्याचे देणे वेगळे, माझे वेगळे. ज्या गावात, ज्या राज्यात माणूस सुरक्षित राहील असा भरवसा आपण देतो, तिथे तो मारला गेला तर थोडे देणे आपणा सर्वांकडे येते. ते घेणारा भीक घेत नाही आणि सौदाही करीत नाही.

हेच मी त्या बाईला सांगितले. ती बराच वेळ पदराचे टोक चाळवीत बसली, मग म्हणाली, "धाकटीची फी भरायची हाय. लिवा."

या दिवाळीत फराळाला बसल्यावर अशा कोणाचा विषय निघालाच, तर तिने किती घेतले हे विचारण्याआधी आपण तिचे काय लागतो, एवढे मनाशी विचारावे.