परक्याचं देणं

योनास क्वारोनच्या ‘देसिएर्तो’ (2015) या चित्रपटाची गोष्ट दोन ओळींत सांगून होते. मेक्सिकोतून चोरवाटेने अमेरिकेत शिरणाऱ्या काही माणसांचा ट्रक वाळवंटात बंद पडतो, ती पायी निघतात, आणि सॅम नावाचा एक माणूस कुत्र्याच्या मदतीने माग काढत त्यांना बंदुकीने एकेक करून टिपत जातो. सॅम ना पोलीस, ना सैनिक. हे काम त्याच्यावर कुणी सोपवलेलं नाही. त्याच्याजवळ फक्त एक तर्क आहे: ही माणसं जिथे असायला नकोत तिथे आहेत, तेव्हा त्यांचं काही झालं तर जाब विचारायला कुणी येणार नाही. पाठलागाची धडधड ओसरल्यावर हा तर्कच प्रेक्षकाजवळ उरतो. एखादी रेषा ओलांडल्याने माणसाचा जगण्याचा दावा कमी होतो का? ‘छे, कसा होईल’ असं उत्तर आपण चटकन देतो. पण त्याच्या पुढचा प्रश्न अडचणीचा आहे. दावा कमी होत नसेल, तर तो कुणावर आहे? वाटेत भेटणाऱ्या एखाद्या भल्या माणसाच्या दयेवर, की आपल्या सगळ्यांवर?

चित्रपट इथे थोडी पळवाट काढतो. सॅम इतका उघड क्रूर आहे की त्याच्यापासून स्वतःला वेगळं काढणं सोपं जातं. त्या सरहद्दीवर माणसं मरतात ती बहुतेक बंदुकीने नव्हे, तहानेने आणि उन्हाने. 1994 मध्ये अमेरिकी सीमादलाने शहरांजवळच्या सोप्या वाटांवर बंदोबस्त वाढवण्याचं धोरण आखलं. येणारे मग दुर्गम मुलखाकडे वळतील आणि तिथला खडतरपणाच त्यांना रोखेल, असा त्यामागचा हिशेब होता. लोक थांबले नाहीत, ते वाळवंटात गेले. म्हणजे खरा शिकारी तो भूप्रदेश, आणि माणसांना त्याच्या तोंडी नेऊन सोडणारा एक शांत डोक्याचा कागद. कागदाने जे घडतं ते एकट्या-दुकट्याच्या चांगुलपणाने निस्तरत नाही, त्याला उतारा कागदानेच द्यावा लागतो. आश्रय ही दया नसून देणं आहे, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा एक फार जुना पुरावा मावळात दगडावर कोरलेला आहे.

लोणावळ्यापासून जवळच, एकवीरा आईच्या देवळाला लागून कार्ल्याचं चैत्यगृह आहे. शिल्पं आणि छताच्या लाकडी फासळ्या पाहण्यात लेखांकडे दुर्लक्ष होतं, पण हे लेणं वाचायचं लेणं आहे. ज्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवर जोडपी बसली आहेत, त्या खांबांवर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरली आहेत. त्यांत धेनुकाकटाहून आलेले यवन आहेत. सिहधय नावाचा एक यवन एका खांबाचा दाता आहे. त्याच गावचा एक गंधी आहे, एक सुतारही आहे. घाटाखालच्या बंदरांतून वर येणारी व्यापाराची वाट इथून जात होती आणि तिच्यावरून आलेल्या परक्यांची नावं देवाधर्माच्या जागी दगडात गेली. मात्र खरा महत्त्वाचा लेख खांबांवर नाही, दर्शनी भागात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (हा स्वतः शक, म्हणजे बाहेरचाच) करजिक नावाचं गाव दान देतो. कशासाठी, तर वलूरक (म्हणजे हेच कार्ले) इथल्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या, चारी दिशांच्या संघाच्या, तिथे वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या सगळ्यांच्या निर्वाहासाठी.

यात वर्षावासाचा उल्लेख आहे, त्याकडे लक्ष द्यायला हवं. त्या सरहद्दीवरच्या सोनोराच्या वाळवंटात पाणी नसल्याने माणूस मरतो; मावळात आषाढ-श्रावणात नेमकं उलट. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, ओढे वाटा तोडतात, घाट धुक्यात बुडतो. अशा दिवसांत ज्याला घर नाही त्याला छप्पर आणि शिधा मिळणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. आणि दानलेखाने त्याची सोय कशी केली? आसपासच्या लोकांनी भिक्षूंशी चांगलं वागावं असा उपदेश त्यात नाही. एका गावाचं उत्पन्न तोडून दिलं. उषवदाताने हे पुण्यासाठी केलं असेल, नावासाठीही केलं असेल. तो हेतू त्याच्यापाशी. पण लेख कोरला गेल्यावर पावसात भिजत आलेल्या भिक्षूला कुणाचं मन द्रवायची वाट पाहावी लागत नव्हती. तो चारी दिशांपैकी कुठल्याही दिशेने आलेला असो, करजिकाच्या धान्यात त्याचा वाटा आधीच धरलेला होता. अतिथीला देव मानण्याची उपनिषदाची शिकवण थोरच, पण ती यजमानाला उद्देशून आहे आणि पाळणं-न पाळणं त्याच्या मनावर आहे. कार्ल्याच्या लेखात यजमानाचं मन हा मुद्दाच उरत नाही.

पुढे सत्ता बदलली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं राज्य मोडलं. शक, यवन, पल्हवांचा संहारक म्हणून त्याचा गौरव त्याच्या आईच्या नाशिकच्या लेखात आहे. त्याचाच मानला जाणारा एक आदेश कार्ल्यात आहे. तो मामाळच्या, म्हणजे या मावळच्या, अमात्याला उद्देशून आहे आणि तेच गाव वलूरकच्या भिक्षूंना देतो. शत्रूने दिलेलं म्हणून गाव परत घेतलं नाही. पण एक बारीक फरक पडला. नव्या आदेशात लाभार्थी महासांघिक पंथाचे आहेत. आधीच्या लेखातला चारी दिशांचा मोकळेपणा इथे थोडा आवळला गेला. म्हणून या लेण्याला मी सुवर्णयुगाचं प्रमाणपत्र मानत नाही. देणं लिहून ठेवता येतं, ते राज्य बदलल्यावरही टिकतं, आणि पुन्हा लिहिताना अरुंदही होऊ शकतं, एवढंच ते सांगतं.

यावर पहिला आक्षेप कुणीही घेईल. यवन व्यापारी होते, थैली घेऊन आलेले होते. भिक्षू पूज्य होते. पैसेवाल्या किंवा पूज्य परक्याचं स्वागत कुठेही होतं, प्रश्न फाटक्या आणि नकोशा परक्याचा आहे. आक्षेप खरा आहे, आणि आपल्या परंपरेत त्याला आणखी धार आहे. आतिथ्याच्या गोष्टी सांगणाऱ्या याच समाजाने माणसांना गावातल्या गावात परकं केलं. मंगळवेढ्याला गावकूस बांधण्याच्या वेठीवर असताना भिंत कोसळली आणि 1338 साली चोखामेळा तिच्याखाली गेले, असं परंपरा सांगते. ज्याला कुसाच्या आत जागा नव्हती त्याच्याकडून कूस बांधून घेतलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, त्यांतले बहुतेक त्याच मंगळवेढा तालुक्यातले, 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला जमावाने ठेचून मारले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवर आली होती, तेवढं पुरलं. तिथे कुणी सॅम नव्हता. घाबरलेला गाव होता, आणि अनोळखी भटक्याबद्दल जाब द्यावा लागत नाही ही जुनी खात्री होती. मला या आक्षेपातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळालेलं दिसतं. नुसत्या भावनेवर सोपवलेला आश्रय भावना फिरली की संपतो. गावाचं मन मोठं असावं या अपेक्षेवर डवरी गोसाव्याने जीव टांगून ठेवायचा का?

दुसरा आक्षेप जड आहे. सीमाच नसतील तर राज्य चालायचं कसं? येईल त्याला ठेवून घ्यायचं, तर आधीपासून असलेल्यांच्या वाट्याचं काय? इथे तत्त्वज्ञ कांट उपयोगी पडतो. ‘शाश्वत शांती’वरच्या 1795 च्या निबंधात तो परक्याचा हक्क मर्यादित ठेवतो. परक्याला कायम वस्तीचा हक्क नाही. आल्याबरोबर शत्रू न मानलं जाण्याचा आहे. त्याला परत पाठवताही येईल, मात्र त्याने त्याचा नाश होणार नसेल तरच. वर्षावासही काही महिन्यांचाच होता. पाऊस सरला की भिक्षूने चालू लागायचं. सीमा असणं आणि सीमेवर माणूस मरू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत म्हणजे हीच कसोटी चित्रपटाच्या नायकालाही लागते. त्याचं नाव मोइसेस, म्हणजे वाळवंटातून लोकांना नेणारा मोशेच. शेवटी पाय मोडलेला सॅम त्याच्या हाती सापडतो. तो सॅमला मारत नाही, सोडून जातो. वाळवंटात सोडणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, पण कांटच्या कसोटीला तो उतरत नाही एवढं खरं. शिकारीला वाचवण्याचा भार शिकार होणाऱ्याच्या खांद्यावर यावा, हेच मुळात व्यवस्था नसल्याचं लक्षण आहे.

कुणी म्हणेल, हे सरहद्दीचं झालं, आपला काय संबंध? 23 मार्च 2020 ला महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. खंडाळ्याचा घाट, जो उतरला की रायगड लागतो, एका रात्रीत हद्द झाला. करोनाची साथ खरी होती आणि हालचाल रोखायला कारणही होतं; ते मी नाकारत नाही. पण हद्द सगळ्यांना सारखी नव्हती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उद्योजक वाधवान कुटुंबासह 23 जण खंडाळ्याहून गाड्यांतून महाबळेश्वरला पोचले ते गृहखात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर. बोभाटा झाल्यावर अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. आणि 8 मेच्या पहाटे जालन्याहून मध्य प्रदेशातल्या घराकडे निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. ही माणसं आपल्याच देशात होती आणि स्वतःच्याच घरी चालली होती. सडक बंद असेल तर चालणारा रुळांकडे वळतो, जसा शहराजवळची वाट बंद झाल्यावर कुणी वाळवंटाकडे वळतो. बंदी घालणाऱ्याला ते वळण आधी दिसायला हवं, कारण कांटची अट त्याच्यावर आहे, चालणाऱ्यावर नाही. बंदीच्या हुकुमासोबतच निवारा, शिधा आणि जाण्याची सोय लिहिलेली असती तर बंदी आणि देणं एकाच कागदावर राहिलं असतं.

ते पुढे थोडंफार लिहिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2021 च्या निकालात स्थलांतरित मजुरांना कोरडा शिधा, साथ असेपर्यंत सामूहिक स्वयंपाकघरं आणि देशात कुठेही चालणारं रेशनकार्ड यांबद्दल राज्यांना मुदती घालून दिल्या, आणि असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्टमध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं. करजिकाच्या जातीचा हा कागद आहे: कुठल्याही दिशेने आलेल्याचा वाटा आधीच धरून ठेवणारा. फरक इतकाच की वलूरकला पोचलेल्याने वर्षावास केला की पुरे होतं, इथे आधार क्रमांक, मोबाइल आणि आधीची नोंद लागते. वीटभट्ट्यांच्या हंगामापुरतं घर सोडणाऱ्या मावळातल्या कातकरी कुटुंबांत ज्यांच्याकडे यांतलं काहीच धड नाही, त्यांच्यासाठी हे देणं अजून महासांघिकांच्या आदेशासारखं आहे, उषवदाताच्या लेखासारखं नाही.