कयफाचा हिशेब

लोणावळ्याची नौदल प्रशिक्षणसंस्था, आजची ‘आयएनएस शिवाजी’, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. सहा महिने पुरे होण्याआधीच हिरोशिमा व नागासाकी अणुबॉम्बने बेचिराख झाली. आज त्याच आवारात अण्वस्त्रहल्ल्यापासून बचाव कसा करावा, हे नौसैनिकांना शिकविले जाते. नौसैनिक निदान शिकू तरी शकतो. ९ ऑगस्टला नागासाकीतील उराकामी कॅथेड्रलमध्ये दोन धर्मगुरू स्वर्गोन्नयनाच्या सणापूर्वीचे पापनिवेदन ऐकत होते. धर्मगुरू व भाविक, कोणीच वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्युमुखी पडले. कोकुरा हे मूळ लक्ष्य धुराने व ढगांनी झाकले होते, म्हणून विमान इकडे वळले!

बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले, असंख्य प्राण वाचले, असे समर्थन केले जाते. ते हसण्यावारी नेता येत नाही. मलायावर उतरण्यास सज्ज असलेल्या फौजांत भारतीय जवानही होते. सुखरूप परतलेल्या मुलाच्या आईला आपण काय सांगणार? परंतु सर्व लोकांसाठी एकाने मरणे हिताचे, हा हिशेब कयफानेही मांडला होता. बेरीज-वजाबाकीत तो चुकला नव्हता. निरपराध मनुष्याला त्याने खर्ची टाकले, तेथे तो चुकला.

संपूर्ण शहरांच्या सरसकट संहाराचा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धिक्कार केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली हिरोशिमात अण्वस्त्रे बाळगणेही अनैतिक ठरविले. १९७४ व १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर हा निवाडा आपल्या देशालाही लागू होतो. तो उच्चारणे मात्र आपल्याला अमेरिकेला दोष देण्याइतके सोपे जात नाही.