मुक्याच्या वेदनेची विचारपूस

शास्त्रपाठ : मार्क ९:१४–२९



आपल्या पाठातील मुलास स्वतःविषयी एक शब्दही बोलता येत नाही. शास्त्री शिष्यांशी वाद घालीत आहेत, गर्दी लोटली आहे, आणि मुलगा भूमीवर पडून लोळत आहे. अशा समयी प्रभू त्याच्या बापाकडे वळतो व ह्याला हे केव्हापासून होत आहे, असे विचारतो. सर्व जाणणाऱ्या प्रभूस हे विचारण्याचे काय प्रयोजन होते, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते की, त्याने त्या बापाच्या दीर्घ शुश्रूषेचा मान राखिला; कारण ज्यास वाचा नाही त्याच्या दुःखाचा साक्षी त्यास रोज सांभाळणारा मनुष्यच होय.

ज्यांची बुद्धी लेकराएवढीच राहिली, पण देह वाढला, अशी माणसे आमच्या सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांतही आहेत. सोलापूर-पुणे लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडित मुलींबरोबर आंधळ्या स्त्रियांसही थारा दिला, हे वाचकांस ठाऊक आहेच. पुढे बुद्धीने मागे राहिलेल्या लेकरांसाठी मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा व पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांची कामायनी निघाली. परंतु लेकरे लेकरेच राहत नाहीत. चाळिशी-पन्नाशीस त्यांचेही दात किडतात, गुडघे धरतात, पोट साफ होत नाही.

अशांस वेदना कळतच नाही, हा समज आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकितो, आणि तो खोटा आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक वैद्यमंडळाने २०२० साली आपली व्याख्या सुधारून लिहिली, तीत स्पष्ट म्हटले आहे की, सांगता येत नाही एवढ्यावरून वेदना नाही असे ठरत नाही. वेदना असते, तिची भाषा मात्र निराळी असते. रोज कडक भाकरी आवडीने खाणारा भाऊ ती दूर सारू लागला, तर त्याची दाढ पाहावी. जो कान दाबतो, डोके भिंतीवर आपटतो, स्वतःचा हात चावतो, अंग चोरून बसतो, रात्रभर जागतो, त्यास हट्टी म्हणू नये. जो नेहमी आरडाओरडा करी तो एकाएकी गप्प झाला, तर अधिकच सावध व्हावे. बहिणींच्या बाबतीत महिन्याच्या दिवसांची नोंद ठेवावी. त्याचे नेहमीचे वागणे कसे, हे ज्यास ठाऊक त्यासच बदल दिसतो.

येथे आमच्या मंडळ्यांस एक कठोर शब्द सांगणे भाग आहे. अशा मनुष्याने आदळआपट केली की कोणी म्हणतो, वेड वाढले. कोणी म्हणतो, भूत लागले. मग त्यास बांधून ठेवितात अथवा झोपेची गोळी देतात. गोळीने तो निजेल, पण दाढेतील पू तसाच राहील. आम्ही प्रार्थना करू नये असे म्हणत नाही, ती करावीच. पण प्रार्थनेपूर्वी त्याचे तोंड, कान, पाठ व तळपाय उजेडात पाहावे. चप्पल चावली असेल, निजून निजून पाठीस जखम पडली असेल, चार दिवस शौचास झाले नसेल. वैद्याने नेमून दिलेले पॅरासिटामॉलसारखे औषध वेळेवर द्यावे, तासाभराने चर्या निवळली की नाही ते पाहावे, आणि तसे लिहून ठेवावे. औषधाने दुखणे दबले म्हणून त्याचे मूळ शोधण्याचे सोडू नये.

उपदेशक बंधूंनी घरोघर जाताना आईस अथवा सांभाळणाऱ्या बाईस प्रभूचाच प्रश्न विचारावा : हे केव्हापासून? ती जे सांगेल ते कागदावर उतरावे. खाणे, निजणे, शौच, कोठे हात लाविला असता अंग आखडते, हे सर्व. सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास गावच्या पुढाऱ्याबरोबर न पाठविता जी बाई त्यास रोज घास भरविते तिलाच बरोबर पाठवावे, तिच्या गाडीभाड्याची तजवीज मंडळीने करावी, आणि तो कागद तिच्या हाती द्यावा.