आळीपाळीने जागणं

स्वतःच्या शिडाच्या नौकेवर संसार थाटून उष्ण कटिबंधातली बेटं हिंडणाऱ्या जोडप्यांचा हेवा वाटतो, तो त्यांच्या मोकळेपणाचा. ऑफिस नाही, सोसायटीची मीटिंग नाही. निळं पाणी, नारळीची झाडं आणि दोघंच. मला या चित्रातला ‘दोघंच’ हा भाग सगळ्यात फसवा वाटतो. लांबच्या पल्ल्यावर ही दोघं एका वेळी जागी अशी फारशी नसतातच.

गॅलापागोसहून मार्केसास बेटांकडे निघालं की मध्ये सुमारे ३००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर नुसतं पाणी. छोट्या नौकेला तीन-चार आठवडे लागतात. मध्ये कुठे नांगर टाकायची सोय नाही, त्यामुळे नौका रात्रंदिवस चालू. तीन-चार तास एकाने जागायचं, मग दुसऱ्याने. वारा पाठीमागून येतो, नौका सारखी या कुशीवरून त्या कुशीवर लवंडत राहते. झोपलेलं माणूस खाली घरंगळू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापड ताणून बांधलेलं असतं. अशा हेलकाव्यांत नीट झोप लागेल असा बिछाना बहुधा एकच, नौकेच्या मध्याजवळचा. तो उठला की त्याच उबेत ती आडवी होते. गाठ पडते ती पाळी बदलताना. वारा थोडा फिरलाय, उजवीकडे एक दिवा दिसतोय, लक्ष ठेव. झालं बोलणं.

जागणाऱ्याला सुकाणू धरून बसावं लागत नाही. नौकेच्या पाठीमागे बसवलेली एक उभी फळी वाऱ्याशी ठरलेला कोन राखते आणि दोऱ्यांनी सुकाणू वळवते. वीजही लागत नाही. जागणाऱ्याने दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून चौफेर बघायचं, कारण क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज वीसेक मिनिटांत अंगावर येऊ शकतं. शिवाय बऱ्याच नौकांवर एक नियम असतो. रात्री अंगावरचा पट्टा दोरीने नौकेला अडकवल्याशिवाय बाहेर यायचं नाही आणि डोलकाठीपाशी जायचं तर आधी झोपलेल्याला उठवायचं.

हा नियम का, याचं गणित सोपं आहे. ताशी ५ सागरी मैलांनी चाललेली नौका मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते. कुणी पाण्यात पडलं म्हणून ती फळी थांबत नाही. झोपलेल्याला दोन तासांनी जाग आली, तर मध्ये अठरा किलोमीटर समुद्र गेलेला असतो. ‘झोपू दे बिचारीला, दमलीय’ ही घरातली माया इथे घातक ठरते. न उठवणं हा गुन्हा आहे असं संसार मानू लागला की त्याचे सगळेच हिशेब बदलतात. रुसवा पुढच्या पाळीपर्यंत नेता येत नाही. ज्याच्यावर रागावलात त्याच्याच जागेपणाच्या भरवशावर तुम्हाला तासाभरात झोपायचं असतं.

बेटांपाशी पोचल्यावर तऱ्हा उलटी. तुआमोतू द्वीपसमूहात प्रवाळाच्या कड्यातून आत शिरायला एखादीच चिंचोळी वाट असते. तिच्यातून आतलं पाणी भरती-ओहोटीबरोबर जोराने आतबाहेर करतं, म्हणून ओढ मंदावण्याची वेळ साधायची आणि सूर्य पाठीमागे वर आलेला हवा. एकाने नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभं राहून पाण्याचा रंग वाचायचा. गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, तपकिरी म्हणजे खाली प्रवाळ. सुकाणूवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही आणि वारा शब्द पळवतो. मग हाताच्या खुणा, मग आरडाओरडा, आणि आधीच नांगरून बसलेल्या शेजाऱ्यांची फुकटची करमणूक. बोलण्यासाठी डोक्याला लावायचे हेडसेट मिळतात. या मंडळींत त्यांना थट्टेने लग्न वाचवणारं यंत्र म्हणतात. पुष्कळ नौकांवर सुकाणू नवऱ्याकडे आणि नांगराची जड साखळी बायकोकडे दिसते. ताकदीचा विचार केला तर हे बरोबर उलटं हवं, पण कप्तानपद सोडवत नाही.

मोकळेपणाचा हट्ट टोकाला नेला तर काय होतं, हे मॉरिस आणि मॅरलिन बेली या इंग्रज जोडप्याच्या गोष्टीत दिसतं. राहतं घर विकून त्यांनी ‘ऑरालिन’ ही नौका घेतली होती. बाहेरच्या जगाची कटकट नको म्हणून संदेश पाठवणारा रेडिओ मुद्दाम ठेवला नाही. मार्च १९७३मध्ये पनामाहून गॅलापागोसला जाताना देवमाशाच्या धडकेने नौका बुडाली. पुढचे ११७ दिवस ती दोघं रबरी तराफ्यावर होती. सेफ्टी पिना वाकवून गळ केले, कासवं धरून खाल्ली. जहाजं जवळून जात राहिली, कुणाचं लक्ष गेलं नाही. मॉरिसने मनातून हाय खाल्ली. मॅरलिनने, जिला पोहताही येत नव्हतं, कागदाच्या तुकड्यांचे खेळ केले आणि पुढच्या नौकेचा आराखडा त्याच्याशी बोलत राहिली. शेवटी एका कोरियन मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. ज्या जगाला आपला पत्ता लागू नये म्हणून धडपड केली, त्याच जगातल्या कुणीतरी मान वळवावी म्हणून हात हलवायचे! आणि यांनी खरोखरच दुसरी नौका घेतली आणि पॅटागोनिया गाठला. मला यात वेडेपणापेक्षा मॅरलिनचा वकूब जास्त दिसतो.

मनाला येईल तिथे नांगर टाकू, हेही तितकं खरं नाही. फिजीच्या दूरच्या बेटांवर खाडी त्या त्या गावाची असते. आधी यंगोना या झुडपाच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी घेऊन मुखियापुढे बसायचं, त्याने ती स्वीकारली की मग पोहा, मासे धरा, हिंडा. काही पाहुण्यांना ही गमतीची लोककला वाटते. खरं तर ती परवानगी मागणं आहे, आणि ती नाकारलीही जाऊ शकते.

दोघांच्या पाळ्यांना लग्नाची गरज नाही, हे आपल्याकडच्या दोघींनीच दाखवलं. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण त्यांच्या पाळ्यांना शेवटची तारीख होती आणि किनाऱ्यावर घर होतं. नौका हेच घर असलेल्या जोडप्याला तशी तारीख नसते, आणि म्हणूनच हे आयुष्य संपतं ते क्वचितच वादळाने. एकाचे गुडघे जातात, रात्रीचं दिसेनासं होतं, किंवा एकाला जमीन हवीशी वाटू लागते, आणि दुसऱ्याला एकट्याने चोवीस तास जागता येत नाही. लिन आणि लॅरी पार्डी ही या जगातली सगळ्यात नावाजलेली जोडी. २४ फुटी, इंजिन नसलेल्या ‘सेराफिन’वरून त्यांनी जग पालथं घातलं, वाटेत लॅरी नौका दुरुस्त करायचा, लिन लिहायची, त्यावर पोट चालायचं. पुढे त्यांनी न्यूझीलंडच्या कावाऊ बेटावर घर केलं. दीर्घ आजारानंतर लॅरी २०२०मध्ये गेला. लिनने पुढे दुसऱ्या जोडीदाराच्या नौकेवर पाळ्या केल्या.