गाल धरून ऑफिसात

दाढ ठणकते ती नेमकी रात्री, आणि त्याला कारण आहे. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो. दाताच्या आतल्या सुजलेल्या गराला मात्र फुगायला जागाच नसते, चहूबाजूंनी कठीण भिंती. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला की त्यातल्या युजेनॉलमुळे थोडा वेळ बधिरपणा येतो. कीड तिथेच राहते, तेव्हा दंतवैद्याकडे जायलाच हवं.

सकाळी गाल धरून ऑफिसात पोचावं तर लिफ्ट बंद आणि साहेबांना फाइल आत्ताच्या आत्ता हवी! मग शेजारच्या टेबलावरच्या ताई विचारतात, "अहो, रूट कॅनाल सांगितलंय का? माझ्या वेळी तर..." चहा येतो, तो आपण दुसऱ्या बाजूने पितो. तोवर एसी, मस्टर, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, सगळ्यांच्या तक्रारी बाहेर पडतात. मला ही कुरकुर मनापासून आवडते. तिच्यात द्वेष नसतो, दुखणाऱ्याची चौकशी असते. जेवणाच्या सुट्टीत ताई आपल्या डब्यातला मऊ भात पुढे सरकवतात आणि ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर देऊन बजावतात, "आजच जा हं, उद्यावर टाकू नका."