फर्ज-ए-किफाया आणि रिकामे पद

2008 च्या पावसाळ्यातली गोष्ट. जुन्नर तालुक्यात भाताची लावणी चालू होती. संध्याकाळी जळण काढताना अम्मीच्या हाताला घोणस चावली. मामूंनी जीप काढली आणि आम्ही सहा-सात जण तिला घेऊन एका सरकारी दवाखान्यात पोहोचलो. तिथे त्या रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक शिपाई एवढीच माणसे होती. डॉक्टर आतल्या खोलीत होते. पश्चिमेकडच्या एका वाडीवरून आणलेली बाळंतीण होती, तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा नवरा आणि सासू व्हरांड्यात भिंतीला टेकून गप्प बसले होते.

डॉक्टरांनी येऊन अम्मीचे थोडे रक्त काचेच्या बाटलीत काढले आणि म्हणाले, ‘वीस मिनिटं थांबा.’ आम्हाला वाटले, टाळाटाळ चालली आहे. घोणशीचे विष अंगात भिनले की रक्त गोठत नाही आणि ते ओळखायला कोरडी, स्वच्छ बाटली आणि वीस मिनिटे लागतात, हे मला फार नंतर कळले. तेव्हा मामूंनी डॉक्टरांची कॉलर धरली. मी नको ते बोललो. त्यानंतर डॉक्टर अम्मीपासून हलले नाहीत. सापावरचे इंजेक्शन सुरू केले की रोग्याला त्याचीच रिॲक्शन येऊ शकते, म्हणून कुणीतरी जवळ बसावे लागते. बाळंतिणीला एका जीपमध्ये घालून पुण्याला रवाना केले. जुन्नरहून पुणे नव्वद किलोमीटरच्या पुढे.

अम्मी वाचली. त्या बाईचे काय झाले ते मी विचारले नाही.

आणीबाणीत ज्याची गरज मोठी त्याला आधी, हा वैद्यकाचा नियम आहे. पण डॉक्टर एकच असला की हा नियम आवाजापुढे वाकतो. त्या रात्री आमच्याकडे जीप होती, माणसे होती, तोंड होते. त्यांच्याकडे यातले काही नव्हते. मग दोष कुणाचा? घाबरलेल्या डॉक्टरचा? आमचा? की जिथे दुसरा डॉक्टर असायला हवा होता त्या रिकाम्या जागेचा? रिकाम्या जागेला कॉलर नसते, ही खरी अडचण आहे.

2010 साली राज्याने डॉक्टरांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. आज मामू आणि मी तुरुंगात गेलो असतो आणि ते योग्यच झाले असते. पण त्या कायद्याने दुसरा डॉक्टर आला नसता. त्याआधी, 1996 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सांगितले होते की, सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

पदे ठरतात आकृतिबंधावर आणि दवाखाने ठरतात डोक्यांवर. सपाटीवर 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 20 हजारांमागे. या हिशेबात पुणे-नाशिक रस्त्यावरची वाहने नाहीत, श्रावणात भीमाशंकरला येणारी गर्दी नाही, नारायणगावच्या टोमॅटोवर येणारे मजूर नाहीत, ऊसातला बिबट्याही नाही. आणि मंजूर पद म्हणजे भरलेले पद नव्हे. कोविडच्या दोन वर्षांत कंत्राटी माणसे घेतली, लाट ओसरल्यावर त्यांचे करार संपले.

मोठी आपत्ती आली की मात्र सगळे धावतात. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, 151 माणसे दगावली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आले. मग जवान आले, यंत्रे आली, डॉक्टर आले, केंद्राचे गृहमंत्री आले. जखमी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. डॉक्टरांपुढे आले ते मुख्यतः मृतदेह. मी त्या धावण्याला नावे ठेवत नाही. माझा प्रश्न एवढाच की, एकेकटे मरणारे कुणाला दिसतात?

आपल्याकडे जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया मानतात. काहींनी पढली तर सगळे सुटले, कुणीच नाही पढली तर सगळे गुन्हेगार. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये वैद्यकालाही याच यादीत घातले आहे. कित्येक शहरांत मुसलमान वैद्य नाही, तरी सगळे फिक्ह शिकायला धावतात, कारण त्यातून न्यायाधीशपद मिळते, वक्फचा कारभार हाती येतो, अशी त्यांची तक्रार होती. नऊशे वर्षे झाली तिला.

या कल्पनेत एक पळवाटही आहे. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रोग्यांसाठी झटत आले आहेत. असा एक माणूस उभा राहिला की आपण बाकीचे निर्धास्त होतो. शासनही होते. एकाच्या नेकीवर तालुक्याचा फर्ज फिटतो का? मला वाटते, नाही. जनाजा एका वेळी एकच असतो, साप मात्र एकाच रात्री दोघांना चावू शकतो.

आणि आपण? आमच्या मोहल्ल्याने कब्रस्तानच्या कंपाउंडसाठी तीन निवेदने दिली, मी स्वतः सह्या गोळा केल्या. दवाखान्यातल्या रिकाम्या पदासाठी एकही नाही. 2005 नंतर सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समित्या आल्या, त्यात गावच्या माणसांनाही जागा असते. आमच्याकडच्या समितीवर कोण आहे हे मला यंदापर्यंत ठाऊक नव्हते. यंदा विचारून आलो. रात्रपाळीला किती जण असतात, हेही विचारले. बाबूने आधी विचारले, ‘तुमचं पेशंट आहे का?’

अम्मी 2019 साली गेली. जनाजाला दोन-अडीचशे माणसे होती. तोवर दर पावसाळ्यात लावणी सुरू झाली की ती विचारायची, ‘ती बाळंतीण कुठल्या वाडीची होती रे?’

आपटाळ्याकडची म्हणाले होते कुणीतरी, एवढेच मी सांगायचो.